चौथ्या सकाळची चव

आमच्या डेपोत मूळव्याध हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘उष्णता झालीय’ म्हणतात. पन्नाशीतला ड्रायव्हर सीटवर टॉवेलची घडी टाकायला लागला की बाकीच्यांनी समजायचं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, फार तर एखादा कॅन्टीनमध्ये ताकाचा ग्लास पुढे सरकवतो. माझा टॉवेल आठ वर्षांचा झाला होता, आणि दुपदरी घडीची आता चारपदरी झाली होती.

मी मंगेश उतेकर. महाड ते भोर, वरंध घाट, बावीस वर्षं. आता तुम्ही म्हणाल, गाड्या आपल्या आपण चालतात, मग ड्रायव्हर कशाला? सपाटीला नकोच. स्टँडातून गाडी निघते ती स्वतःच, मी हाताची घडी घालून बसलो तरी तिचं काही अडत नाही. पण घाट लागला की टुणटुण वाजवते आणि स्टिअरिंग मुकाट माझ्या हातात देते. धुकं, सुटलेली दरड, वळणावर रवंथ करत बसलेली म्हैस, समोरच्या ट्रकवाल्याने खिडकीतून काढलेला हात, हे तिला अजून कळत नाही. आम्हाला म्हणून घाटचालकाचा वेगळा बिल्ला आहे. सगळ्या डेपोत मूठभर उरलोय आम्ही. तो बिल्ला लावून स्टँडात चहा प्यायला उभं राहिलं की छाती कशी फुगते ते सांगायला गेलो, तर तुम्ही म्हणाल, गडी बढाया मारतोय.

श्रावणात एका दुपारी उलट्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. दोन क्षण, जास्त नाही. पण सीटमधल्या यंत्राने माझी नाडी ओळखली, गाडीने स्टिअरिंग काढून घेतलं, डोंगराच्या कुशीला अंग घासत उभी राहिली आणि गोड आवाजात सगळ्या गाडीला ऐकवलं, ‘चालकांची प्रकृती ठीक नाही. कृपया शांत राहा.’ मागच्या सीटवरच्या एका आजीने मला लिमलेटची गोळी दिली. मी ती तोंडात धरून दरीकडे बघत बसलो. गाडीत शाळेची पोरं होती, एक ओली बाळंतीण होती. चाक आणखी वीतभर सरकलं असतं तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात.

“उतेकर, रक्त जातंय कुठून?” डॉक्टर तांबटबाईंनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना लगेच कळलं, त्यांच्याकडे निम्मा डेपो येतो. तपासून झाल्यावर हात धूत म्हणाल्या, “पहिल्या वर्षी आला असतात तर रबराचा छल्ला लावून घरी पाठवलं असतं. आता मूळव्याधीचे ते कोंब कापूनच काढावे लागतील. महिनाभर त्रास, त्यातला पहिला आठवडा जास्त. मग मोकळे.”

“आणि नाही केलं तर?”

“रक्त जात राहणार, चक्कर येत राहणार. मी तुमच्या फिटनेसवर सही करणार नाही.”

म्हणजे सरळ होतं. दिवाळीपर्यंत ऑपरेशन, नाहीतर घाट कायमचा बंद. बिल्ला जमा करायचा आणि डेपोच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसायचं. बसून बसून झालेल्या आजाराला पुन्हा खुर्चीच द्यायची, काय डोकं आहे बघा!

एवढ्यावर मी हो म्हणालोही असतो. पण हल्ली नुसतं हो म्हणून चालत नाही. आधी चाखणी घ्यावी लागते.

चाखणी हे आपलं लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव लांबलचक आहे. ते चालतं कसं, हे मला तिथल्या तंत्रज्ञ मुलीने, नाझनीन देशमुखने समजावलं. जखम असते शरीरात, पण दुखतं ते मेंदूत. मधल्या वाटेने, पाठीच्या कण्यातून, विजेच्या बारीक ठिणग्यांसारखे निरोप वर जात असतात. कंबरेला बांधायचा एक पट्टा हे निरोप वाचतो. ऑपरेशन झालेल्या हजारो लोकांचे निरोप असे रोजच्या रोज टिपून ठेवलेत. तुमचं वय, तुमचं रक्त, तुमच्या कोंबांचं चित्र त्यात घातलं, की यंत्र हिशोब मांडतं, या माणसाला अमुक दिवशी असं दुखेल. आणि तोच निरोप पट्ट्यातून उलटा तुमच्या कण्यात सोडतं. जखम नाही, रक्त नाही, फक्त जखमेची बातमी. तीन मिनिटं. हे घेतल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही करता येत नाही, असा कायदाच झाला. पेशंटला अंधारात ठेवायचं नाही म्हणून चांगल्या मनाने केलेला कायदा. झालं काय, लोक चव घेतात आणि धूम ठोकतात. तांबटबाईंचं ऑपरेशन थिएटर निम्मे दिवस रिकामं असतं.

“चौथ्या दिवसाची सकाळ लावते, काका,” नाझनीन म्हणाली. “सगळ्यात वाईट तीच. नको वाटलं तर ही घंटी दाबा.”

मी मनात हसलो. दरीच्या कडेने बावीस वर्षं गाडी हाकलेला माणूस मी, मला घंटी देते!

पहिल्या मिनिटालाच दाबली. कसं होतं ते सांगत नाही, तुम्ही जेवणखाण करून वाचत असाल. काचा. एवढंच म्हणतो. कपाळावरचा घाम पुसला, चपला घातल्या आणि नाझनीनच्या नजरेला नजर न देता बाहेर पडलो.

आता सुवर्णाविषयी सांगायला हवं. सुवर्णा माझी बायको, स्टँडच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक बघते. पहाटेपासून तव्यापुढे उभी. तिला मी अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, एवढंच सांगितलं होतं. रोज संध्याकाळी ती विचारायची, “कसं आहे?” आणि मी म्हणायचो, “बरंय.” आमच्या घरात या एका शब्दावर संसार चालतो.

त्या दिवशी मात्र तिला सांगावं लागलं, कारण नियंत्रण कक्षाचा अर्ज भरायचा होता. मी भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं. आजार, रक्त, ऑपरेशन, चाखणी, आणि मी करून घेणार नाही ते.

तिने भाकरीचं पीठ मळता मळता सगळं ऐकलं. मग म्हणाली, “म्हणून आठ वर्षं आपल्या चड्ड्या आपण धुताय होय? मला वाटलं, माणूस सुधारला!”

मला हसावं की रडावं कळेना.

“घाट सोडाल तुम्ही?” तिने विचारलं. “सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्टँडात येऊन गाड्या मोजता. त्या खोलीत पडद्यापुढे बसून काय कराल?”

“पगार तोच आहे.”

“पगाराचं विचारलं का मी?”

“सुवर्णा, तुला नाही कळणार ते. काय दुखतं ते तुला नाही कळणार.”

ती उठली, भाकरीचं पीठ झाकून ठेवलं आणि म्हणाली, “मग कळवून घेते.”

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधून अर्धी रजा काढून तिने मला दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे काय, हाताला धरून ओढतच नेलं. नाझनीनपुढे बसली आणि म्हणाली, “यांची ती चव मला लाव.”

“लावता येते, काकू. काकांची परवानगी हवी.”

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

“चौथ्या दिवसाची लावू?”

“ती नंतर,” सुवर्णा म्हणाली. “आधी आजची. आज यांना जे होतंय ते.”

नाझनीन थांबली. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं म्हणे. मग तिने आधी मला झोपवून पट्ट्याने माझे निरोप टिपून घेतले आणि तोच पट्टा सुवर्णाला बांधला. मी कोपऱ्यात उभा. आजचं काय, मी म्हटलं, आज तर बरंय की. आज काही विशेष नाही.

यंत्र चालू झालं आणि सुवर्णाने पलंगाची कड घट्ट धरली. ही बाई दोन बाळंतपणांत ओरडली नव्हती, तिने आताही तोंडातून आवाज काढला नाही. पण तिचे डोळे भरून आले. घंटी हातात होती, ती काही तिने दाबली नाही. तीन मिनिटं पूर्ण झाली तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी आपला सरळ उभा राहिलो.

“हे रोज?”

“रोज म्हणजे... रोज असं नाही...”

“अहो, हे घेऊन तुम्ही माझ्यासमोर जेवायला बसता? हे घेऊन मला बरंय म्हणता? आठ वर्षं?” तिचा आवाज चढला. मग फुटलाच. “मी काय परकी होते का हो?”

नाझनीनने तिला पाणी दिलं. घोट घेऊन सुवर्णा म्हणाली, “लाव आता ती चौथी सकाळ.”

तीही तिने पुरी घेतली. घामाघूम झाली, उठून बसली, पदराने तोंड पुसलं. “हे जास्त आहे,” ती म्हणाली. “नाही कशाला म्हणू? पण पहिल्याहून फार नाही. आणि हे संपतं ना?”

“दोन आठवड्यांत बरंचसं,” नाझनीन म्हणाली.

“आणि ते पहिलं?”

“ते संपत नाही, काकू. वाढतं.”

डॉक्टर तांबटबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि तो पट्टा हातात घेतला. मग आम्हाला म्हणाल्या, “पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही. मेंदूचं तसंच आहे. रोजचा निरोप आला की तो हळूहळू आवाज कमी करतो, नाहीतर माणसाला जगताच येणार नाही. उतेकरांना आजचं दुखणं ऐकूच येत नाही. आणि आम्ही त्यांना उद्याचं दुखणं मात्र पूर्ण आवाजात ऐकवतो. मग ते पळणार नाहीत तर काय करतील?” त्या नाझनीनकडे वळल्या. “आपण सगळ्यांना अर्धीच चव देतोय गं.”

मी तेवढ्यात सही केली. पुन्हा धीर सुटायच्या आत.

ऑपरेशन नवरात्र संपल्यावर झालं. त्याचं सांगण्यासारखं काही नाही, कंबरेखाली सुन्न केलं, मी छताकडे बघत होतो, तांबटबाई गुणगुणत होत्या. दुसऱ्या दिवशी घरी. रात्री दुधातून औषध, सकाळ-संध्याकाळ इसबगोल, पालेभाजी, पाणी म्हणाल तर तांब्यावर तांब्या, आणि कोमट पाण्याच्या टबात बसायचं. दारात येणाऱ्याला सुवर्णा बिनदिक्कत सांगायची, “मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय.” मी आतून दात-ओठ खायचो. पण गंमत बघा, डेपोतले चौघे जण भेटायला आले, आणि चौघांनीही जाताना दाराशी थांबून हळूच विचारलं, डॉक्टरीणबाई कधी असतात?

तिसऱ्या दिवशी संकष्टी आली. घाटाची गाडी हातात आल्यापासून माझी एकही संकष्टी चुकलेली नाही. सुवर्णाने सकाळी निघताना बजावलं, “आज उपास नाही. मुगाची खिचडी करून ठेवलीय, भाजी आहे, खा.” मी हो म्हटलं. ती गेल्यावर गणपतीच्या तसबिरीकडे बघितलं, आणि मन काही मानेना. एवढ्या मोठ्या दुखण्यातून त्याने काढलं, आणि त्याच महिन्यात मी संकष्टी मोडायची?

मी कॅन्टीनला फोन लावला. काउंटरवरच्या पोराने उचलला, त्याला नाव दुसरंच सांगितलं. थोड्या वेळाने त्यांची ती घरपोच डबे पोचवणारी चाकांची पेटी तुरुतुरु दारात आली, आणि मी दोन प्लेट साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे लाडू, असं साग्रसंगीत केलं. खिचडी सुवर्णाच्याच हातची. बिचारीला पत्ता नाही की कुणासाठी करतेय. वर इसबगोलही घेतलं नाही, उपासाला चालतं की नाही याची खात्री नव्हती.

चौथी सकाळ उजाडली.

चाखणीत काचा होत्या म्हटलं ना? आता काचांचा कारखाना होता. साबुदाणा पोटात जाऊन नुसता बसून राहिला होता, आणि बाहेर पडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मी संडासातून ओरडलो. शेजारच्या इमारतीत दिवे लागले असतील. सुवर्णा धावत आली, दाराबाहेरून विचारते, “काय झालं? काय होतंय?”

“ते यंत्र खोटारडं आहे!” मी आतून ओरडलो. “असं नव्हतं सांगितलं त्याने! दुपटीने आहे हे!”

ती घाबरली. तिने नाझनीनला फोन लावला आणि दाराच्या फटीशी धरला.

“काका, रक्त जास्त जातंय का?”

“नाही.”

“ताप?”

“नाही.”

“काल काय खाल्लंत?”

“काही नाही गं. काल संकष्टी होती.”

नाझनीन महाडात वाढलेली मुलगी, तिला आमचे उपास ठाऊक. “काका,” ती हळूच म्हणाली, “किती प्लेट?”

“कसल्या प्लेट?”

“काका?”

“दोन. आणि लाडू.”

“यंत्राला साबुदाणा माहीत नाही हो! ते परदेशातल्या पोटांवर शिकलंय. आता टबात बसा, पाणी प्या, मी डॉक्टरांना विचारून औषध वाढवायचं का सांगते. आणि पुढच्या संकष्टीला आधी मला फोन करा.”

दाराबाहेर सुवर्णाला उलगडा झाला. “म्हणजे ती अडखळत मागवलेली ऑर्डर तुमची होती? साळुंखे नावाची?” ती म्हणाली. “मी त्या माणसासाठी वरून खोबरं घातलं हो, काउंटरवरचा पोरगा म्हणाला, आवाजावरून आजारी वाटतोय!” आणि मग ती हसायला लागली. मी आत कळवळतोय आणि बाहेर ही हसतेय. हसता हसता रडतही असावी, मला दिसत नव्हतं. थोड्या वेळाने मलाही हसू आलं आणि हसल्यावर आणखी दुखलं.

मी टबात बसलो आणि तिने दाराबाहेर स्टूल टाकलं. कामाला उशीर होत होता तरी गेली नाही. पाणी निवलं की दार किलकिलं करून गरम पाणी आत सरकवायची. “कसं आहे आता?” तिने विचारलं.

तोंडात तोच शब्द आला होता. तो गिळला. “वाईट आहे,” मी म्हटलं. “फार दुखतंय, सुवर्णा. भीती वाटतेय.”

“हं,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे ते.”

आणि खरंच होतं तिला ठाऊक. दाराच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला आपलं दुखणं आतून माहीत आहे, या एका गोष्टीने मला किती धीर आला, तो मी कसा सांगू? दुखणं कमी झालं नाही. पण मी त्यात एकटा नव्हतो.

बारा-पंधरा दिवसांत काचा गेल्या. दिवाळीला मी पाटावर बसून जेवलो, पण जपून. दिवाळीनंतर महिन्याभरात रक्त भरलं आणि तांबटबाईंनी फिटनेसवर सही केली. त्यांच्याकडे आता दोन्ही चवी देतात, आजची आणि चौथ्या सकाळची, आणि घरच्या माणसाला बरोबर आणा म्हणून सांगतात. थिएटर भरलेलं असतं म्हणे.

पौषात घाटाची पहिली गाडी मिळाली. सुवर्णाने रजा काढली. एवढ्या वर्षांत माझ्या गाडीने ती भोरला कधी गेली नव्हती, कॅन्टीन सुटायचं नाही. माझ्या मागच्याच सीटवर बसली. टॉवेल घरी ठेवला होता. घाटाच्या पायथ्याशी गाडी टुणटुण वाजली, स्टिअरिंग माझ्या हातात आलं, आणि मी त्या उलट्या वळणाशी आलो. डोळे लख्ख. दरी आपल्या जागी, मी माझ्या जागी. गाडी सावकाश वळवून घेतली. मागून सुवर्णा म्हणाली, “हे होय तुमचं वळण!” आणि मला तेवढ्याने भरून आलं.

वर वाघजाईच्या देवळापाशी चहाला गाडी थांबते. उतारू भराभर उतरून भजीच्या टपऱ्यांकडे गेले. सुवर्णा सगळ्यांत शेवटी उठली. दांडी दोन्ही हातांनी धरून, आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच्याजवळ. पुन्हा उजवा, मग डावा. मला आठवलं, त्या चौथ्या सकाळी स्टुलावरून उठताना तिने भिंतीवर हात थपकन टेकवल्याचा आवाज आला होता. मी तेव्हा माझ्यातच होतो.

“गुडघा दुखतोय का गं?”

“बरंय,” ती म्हणाली.

तो शब्द मी ओळखला. चांगलाच ओळखला. माझाच होता तो.

मी गाडीच्या पायरीवर बसलो. नुसत्या लोखंडावर, घडीबिडी काही नाही. शेजारी हात मारून म्हटलं, “बस.”

“चहा थंड होईल. गाडी सुटेल.”

“मी बसल्याशिवाय ही गाडी घाट उतरत नाही. बस.”

ती बसली. बसताना तिच्या तोंडातून बारीक कण्हणं उमटलं, ते तिने नेहमीच्या खोकल्यात लपवलं. दरीतून गार वारा येत होता. टपरीवाल्याने दोन ग्लास हातात आणून दिले.

“आता खरं सांग,” मी म्हटलं.

तिने ग्लास दोन्ही हातांत धरला.

“रात्री जास्त दुखतो,” ती म्हणाली. “तुम्ही झोपल्यावर.”